हीण आणि कस

परभाषेतील मजकूर मराठीत आणणाऱ्यापुढे जी अडचण नित्य उभी राहते, ती पुष्कळदा शब्दांच्या तुटवड्याची नसून विपुलतेची असते. 'जे शुद्ध नाही ते' एवढाच अर्थ मूळ मजकुरात एका शब्दाने उरकलेला असतो. मराठीत मात्र तेवढ्यावर भागत नाही. पाणी गढूळ असते, वस्त्र मळकट असते, दुधात भेसळ असते, वहीतले लेखन अशुद्ध असते, अंघोळीवाचून राहिलेला माणूस पारोसा असतो, आणि सोने हिणकस असते. या शब्दांची अदलाबदल होऊ शकत नाही. 'हिणकस पाणी' किंवा 'गढूळ सोने' असे कोणी म्हटले, तर त्याचे मराठी शिकणे अजून चालू आहे हे ऐकणाऱ्याच्या तत्काळ ध्यानात येईल.

यांपैकी 'हिणकस' या शब्दाचा आज थोडा अधिक विचार करावयाचा आहे. अलीकडे हा शब्द बहुधा तीन-चार ठरावीक नामांच्या संगतीतच भेटतो : हिणकस शेरा, हिणकस विनोद, हिणकस टीका. त्यामुळे तरुण वाचकांना तो 'ओंगळ' किंवा 'हलकट' यांचा जोडीदार वाटू लागला आहे. मूळचा तो तसा नाही. तो शिवी म्हणून जन्माला आलेला नाही. तो सोनाराच्या पाटावर जन्मलेला आहे.

सोने पारखण्याची जुनी रीत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. काळ्या, गुळगुळीत दगडावर दागिना घासावयाचा, उमटलेली रेघ निरखावयाची, आणि ज्याची शुद्धता ठाऊक आहे अशा सोन्याची रेघ तिच्याशेजारी ओढून दोहोंचा रंग ताडून पाहावयाचा. संस्कृतात 'कष्' म्हणजे घासणे. त्या घासण्यातून जी परीक्षा होते तो कस. ज्या दगडावर ती होते ती कसोटी. 'कषपट्टिका' या संस्कृत शब्दाची प्राकृतातून झिजत आलेली ही मूर्ती आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त सुवर्णाध्यक्षाच्या कामाचे प्रकरण आहे. त्यात कलिंग देशाचा किंवा तापीकाठचा, मुगाच्या रंगाचा दगड कसोटीला उत्तम, असे सांगितले आहे. तापी ही खानदेशातून वाहणारी आपली नदी. दोन हजार वर्षांपूर्वी सोन्याची पारख करणाऱ्या अधिकाऱ्याला तिच्या काठच्या दगडाची महती ठाऊक होती, हे वाचून खानदेशातल्या वाचकाला बरे वाटल्यावाचून राहणार नाही. त्याच प्रकरणाच्या आसपास लबाड सोनारांच्या हातचलाखीचे जे प्रकार वर्णिले आहेत, ते वाचून मात्र आजच्या गृहिणीलाही काही निराळे वाटणार नाही.

'कस' हा शब्द मराठीने सोनाराच्या दुकानातून उचलला आणि शेतात नेला. जमिनीला कस असतो. तो गेला की जमीन निकस होते. शेतातून तो स्वयंपाकघरात आला. आहार सकस असतो. पहिलवानाच्या अंगात कस असतो, वकिलाच्या युक्तिवादाचा कस लागतो. जे सोने उत्तमात उत्तम ते बावनकशी, आणि ज्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास टाकावा तो मनुष्यही बावनकशीच. (जाता जाता मुद्रिते तपासणाऱ्यांसाठी एक सूचना : 'निकष' म्हणजे कसोटीचा दगड आणि 'निकस' म्हणजे ज्यात कस नाही ते. एका अक्षराच्या फरकाने अर्थ उलटतो. 'कसब' आणि 'कसबी' हे शब्द मात्र या कुळातले नव्हेत. ते अरबीतून आलेले पाहुणे आहेत.)

आता उरला 'हीण'. हा संस्कृत 'हीन' शब्दाचा मराठी अवतार. 'हा' या धातूचा अर्थ टाकणे, सोडणे. त्यापासून झालेल्या 'हीन' शब्दाचा पहिला अर्थ 'सोडलेला, उणा'. 'धनहीन' म्हणजे ज्याच्यापाशी धन नाही तो, 'गुणहीन' म्हणजे ज्यात गुण नाही तो. यात घाणीचा किंवा नीचपणाचा मागमूस नाही. केवळ उणीव आहे. सोन्यात तांबे किंवा चांदी मिसळली की तेवढ्या मानाने सोने उणे होते, म्हणून त्या मिसळलेल्या धातूला मराठीत 'हीण' म्हणू लागले. हीण अधिक असल्यामुळे जे कसाला कमी उतरते ते हिणकस. म्हणजे हा शब्द दोन गोष्टी एकाच वेळी सांगतो : काही तरी उणे आहे, आणि ते उणेपण घासून पाहिलेले आहे. दुसरी गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. कसोटीवाचून हिणकस ठरवता येत नाही.

मराठीत शुद्धाशुद्धतेचे असे दुसरे शब्द आहेत, की ज्यांना कसोटीच नाही. 'अशुद्ध' याच शब्दाची कथा पाहा. जुन्या मराठीत 'अशुद्ध' म्हणजे रक्त. जुन्या गद्यात आणि काव्यात लढाईची वर्णने वाचताना भूमीवर 'अशुद्ध' सांडल्याचे उल्लेख येतात, तेव्हा आजचा विद्यार्थी व्याकरणाच्या चुका शोधू लागतो! ज्याच्यावाचून कोणी क्षणभर जगत नाही, त्या रक्तालाच अशुद्ध म्हणावयाचे ही मोठी विलक्षण गोष्ट होय. त्याच्याच शेजारचा शब्द 'विटाळ'. चोखामेळा आणि त्यांची पत्नी सोयराबाई यांनी चौदाव्या शतकात आपल्या अभंगांतून विचारलेला प्रश्न हाच होता : विटाळाची पारख कोणत्या दगडावर होते? देह सर्वांचे एकाच रीतीने घडतात; मग एकाचा देह शिवता येतो आणि दुसऱ्याचा येत नाही, हे कोणी घासून पाहिले? त्या प्रश्नाला कोणाला उत्तर देता आले नाही, आणि तरीही सहाशे वर्षे तो शब्द चालत राहिला. 'हीन' शब्दही त्यांच्या पंक्तीला जाऊन बसला. 'उणा' एवढाच अर्थ असणारा शब्द 'हीन जात' या प्रयोगात शिक्क्यासारखा माणसांवर उमटवला गेला, आणि 'हिणवणे' हे क्रियापद त्यातूनच निघाले. १९५० साली अंमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता रद्द केली, आणि १९५५ च्या कायद्याने ती पाळणाऱ्यास शिक्षा ठेवली.

त्याच १९५५ साली, २ फेब्रुवारी रोजी, भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. 'हिणकस' या शब्दाचा विचार करताना भिलाईला जाण्याचे कारण असे, की हीण आणि कस यांचा जो व्यवहार सोनार गुंजभर धातूवर करतो, तोच तेथे डोंगराएवढ्या दगडमातीवर, रात्रंदिवस, साठाहून अधिक वर्षे चालला आहे. आणि तेथे पाहिल्यावर त्या शब्दाबद्दलची आपली एक समजूत पार बदलून जाते.

भिलाईचे लोखंड येते ते मुख्यतः दल्ली-राजहरा येथील टेकड्यांतून. कारखान्याच्या दक्षिणेस सुमारे नव्वद किलोमीटरवरचा हा भाग पूर्वी दुर्ग जिल्ह्यात होता. आता तो बालोद जिल्ह्यात मोडतो. या टेकड्यांची कथा नागपूरशी जोडलेली आहे. १९०४ च्या सुमारास दोराबजी टाटा चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील खनिजाचा नाद सोडून देण्याच्या बेतात होते. नागपूरला ते सरकारी अधिकाऱ्यांना भेटावयास आले असता सहज तेथील संग्रहालयात शिरले. भिंतीवरच्या भूगर्भाच्या नकाशात दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाची जागा रंगवून दाखवलेली त्यांनी पाहिली. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी त्या भागाची पाहणी पूर्वीच करून ठेवली होती. खनिज उत्तम प्रतीचे निघाले, परंतु योग्य कोळसा आणि भरपूर पाणी यांची सोय जवळ नव्हती. टाटा तेथून पूर्वेकडे वळले आणि कारखाना साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. राजहऱ्याच्या टेकड्या आणखी अर्धशतक वाट पाहत राहिल्या. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.

खनिज उत्तम याचा अर्थ शुद्ध नव्हे. राजहऱ्याच्या चांगल्या दगडातही शंभर भागांत साठ-पासष्ट भागच लोह असते. बाकीचा प्राणवायू आणि त्याच्याबरोबर वाळूचा व मातीचा अंश. झोतभट्टीत कोळशापासून केलेला कोक प्राणवायूला ओढून घेतो. जवळच्या नंदिनी येथील खाणींतून आलेला चुनखडीचा दगड वाळूमातीला आपल्याशी बांधून घेतो आणि तिचा वितळलेला रस करतो. हा रस लोखंडापेक्षा हलका असल्यामुळे वर तरंगतो व वेगळा काढता येतो. मराठीत त्याला 'मळी' म्हणतात. उसाच्या कारखान्यातली मळी निराळी आणि ही निराळी, परंतु 'मळ' या शब्दाशी दोघींचेही नाते आहे.

मळी निघाली, आता खाली राहिले ते शुद्ध लोखंड असेल, असा कोणाचा समज होईल. परंतु ते शुद्ध नसते. कोकच्या संगतीत राहिल्याने त्याने सुमारे चार टक्के कार्बन पिऊन घेतलेला असतो. शिवाय सिलिकॉन, फॉस्फरस आणि गंधक यांचेही अंश असतात. हे कच्चे लोखंड ठिसूळ असते, हातोड्याच्या घावाने फुटते. तेव्हा दुसऱ्या भट्टीत त्यातला कार्बन जाळावयाचा. पूर्वी भिलाईत हे काम 'ओपन हर्थ' भट्ट्यांत होई. पुढे कन्व्हर्टर आले आणि त्यांत वितळलेल्या लोखंडावर प्राणवायूचा झोत सोडून तेच काम कितीतरी थोड्या वेळात होऊ लागले.

आणि येथेच आपली समजूत बदलते. कार्बन जर हीण असेल, तर तो सगळाच जाळून टाकावयास हवा. परंतु तसे करीत नाहीत. कार्बन पूर्णपणे गेलेले शुद्ध लोखंड मऊ असते. त्याचे रूळ केले तर आगगाड्यांच्या वजनाखाली ते लवकरच झिजून चपटे होतील. भिलाईत १९६० सालापासून भारतीय रेल्वेसाठी रूळ तयार होत आहेत. त्या रुळांच्या पोलादात कार्बन ०.६ ते ०.८ टक्क्यांच्या घरात ठेवावा लागतो आणि एक टक्क्याच्या आसपास मँगनीज मुद्दाम असावे लागते. म्हणजे पोलाद ही वस्तूच मुळी मिश्र आहे. चार टक्के असताना जो कार्बन लोखंडाचा दोष होता, तोच पाऊण टक्का उरला की त्याचा कस होतो. पदार्थ तोच, मात्रा निराळी आणि काम निराळे.

सगळीच मिसळण अशी गुणकारी असते असे मात्र नव्हे. फॉस्फरस अधिक झाला तर पोलाद थंडीत तडकते. गंधक अधिक झाला तर तापवून लाटतानाच त्याला चिरा पडतात. मँगनीज त्या गंधकाला आपल्याशी जखडून ठेवते, हाही त्याचा एक उपयोग. सर्वांत लबाड हायड्रोजन. दहा लाख भागांत दोन-तीन भाग एवढा तो असला, तरी रुळाच्या पोटात केसासारख्या बारीक चिरा निर्माण करू शकतो. त्या बाहेरून दिसत नाहीत आणि धावत्या गाडीखाली एखादे दिवशी रूळ मोडतो. म्हणून वितळलेले पोलाद निर्वात भांड्यात घेऊन त्यातला हायड्रोजन शोषून काढतात. हजारो प्रवाशांचे प्राण ज्या रुळावर अवलंबून आहेत, त्याच्या बाबतीत 'हिणकस' हा शब्द काय वजनाचा आहे, हे येथे कळते. आणि तो उच्चारण्यापूर्वी नमुना प्रयोगशाळेत जातो; प्रकाशाच्या पृथक्करणाने प्रत्येक मूलद्रव्याचे प्रमाण काही क्षणांत आकड्यांत उमटते. कारखान्यांतले जुने कारागीर सहाणेच्या फिरत्या चाकावर पोलाद घासून उडणाऱ्या ठिणग्यांच्या फुलांवरून कार्बनचा अदमास घेत. 'कष्' धातू तेथेही आपले काम करीतच होता.

सोनाराचेही याहून वेगळे नाही. चोवीस कॅरटचे सोने दागिन्याला फार मऊ पडते. म्हणून बावीस कॅरटचे, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने असलेले, पत्करतात. २०२१ च्या जून महिन्यापासून देशातल्या कित्येक जिल्ह्यांत दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला. त्यावरचा '९१६' हा आकडा हीण नाही असे सांगत नाही. हीण किती आहे ते सांगतो. फसवणूक मिसळण्यात नसून सांगितले एक आणि दिले दुसरे, यात आहे. त्यालाच आपण भेसळ म्हणतो. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याचा, आणि पुढे त्याची जागा घेणाऱ्या २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याचा रोख ग्राहकाला चुकीची किंवा घातक वस्तू देण्यावर आहे. मिसळीच्या पातेल्यात दहा जिन्नस असले तरी तिला कोणी भेसळ म्हणत नाही!

वेगळ्या काढलेल्या मळीचेही वाया जाणे नाही. जुन्या लोहमळीला आयुर्वेदात 'मंडूर' असे स्वतंत्र नाव आहे; ती जितकी जुनी तितकी गुणकारी मानली जाते आणि पांडुरोगावर तिचे भस्म देतात. भिलाईच्या मळीला तितकी वर्षे थांबावे लागत नाही. ती पाण्याने एकदम थंड करून तिचे कण करतात व ते सिमेंटमध्ये घालतात. भिलाईशेजारच्या जामूलचा सिमेंट कारखाना याच मळीच्या आधाराने चालत आला.

आता 'भिलाई पोलाद कारखाना' हे नावच पाहा. 'पोलाद' हा शब्द फारसीतून आलेला आहे, 'कारखाना'ही फारसीच. 'लोखंड' मात्र 'लोहखंड' यापासून झालेले, म्हणून घरचे. आपल्या भाषेच्या शुद्धीचा प्रयत्न पूर्वी दोनदा मोठ्या प्रमाणावर झाला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला आणि राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. माधव जूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला होता. त्यांनीच पुढे १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. या प्रयत्नांतून भाषेला 'दिनांक', 'महापौर', 'दिग्दर्शक' यांसारखे चोख शब्द मिळाले. ते आज इतके रुळले आहेत की त्यांचे वय कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु 'जमा', 'खर्च', 'बाकी', 'शिल्लक' हे शब्द काही गेले नाहीत, आणि 'पोलाद'ही गेले नाही. कष्टाने घडवलेला नवा शब्द कसाला उतरला की भाषा तो ठेवते. जुना परका शब्द कसाला उतरत असेल तर त्यालाही ती घालवीत नाही. 'बेशुद्ध' या शब्दाला तर शुद्धीचे वावडेच नाही : अर्धा फारसी, अर्धा संस्कृत, आणि संपूर्ण मराठी.

राजहऱ्याच्या दक्षिणेस बस्तरकडे निघाले की वाटेत हलबी ही भाषा भेटते. तिच्यात छत्तीसगढी, ओडिया आणि मराठी यांचे अंश एकत्र आलेले आहेत. 'माझे' याला हलबीत 'मोचो' म्हणतात, आणि षष्ठीचा प्रत्यय 'चो' ऐकताच मराठी कानाला आपल्या 'चा-ची-चे'ची आठवण होते. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या, मराठीच्या, खंडात तिचा समावेश आहे. त्यामुळे हलबी म्हणजे बिघडलेले मराठी, असे म्हणण्याचा मोह काहींना होतो. छत्तीसगढीवाल्यांनीही तिला बिघडलेली छत्तीसगढी म्हणावे, ओडियांनीही तसेच म्हणावे! परंतु बस्तर संस्थानात ज्यांच्या मातृभाषा गोंडी, भतरी अशा निरनिराळ्या होत्या, त्या लोकांना बाजारात आणि दरबारात परस्परांशी बोलण्यास हलबीच उपयोगी पडली. २०११ च्या जनगणनेत तिची नोंद करणारे साडेसात लाखांहून अधिक लोक होते. ज्या कामासाठी ती घडली त्या कामाला ती पुरेपूर उतरली.

हा प्रश्न भिलाईच्या मराठी घरांत रोजचा आहे. कारखान्याच्या उभारणीपासून नागपूर, भंडारा, वर्धा या बाजूंनी अनेक कुटुंबे तेथे आली. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर ही एकाच राज्यात होती व त्या राज्याच्या कारभारात मराठी आणि हिंदी दोन्ही चालत. त्यामुळे येणाऱ्यांना हा प्रदेश परका नव्हता. वसाहतीत घरे हुद्द्याप्रमाणे मिळाली, जातीप्रमाणे किंवा प्रांताप्रमाणे नव्हे. एका जिन्यावर मराठी, छत्तीसगढी, मल्याळी आणि बंगाली बिऱ्हाडे आली. ओवळ्यासोवळ्याचे जुने हिशेब त्यामुळे लगेच बुडाले असे नाही, पण ते सांभाळणे फार अवघड झाले. मुलांचे शिक्षण हिंदीत किंवा इंग्रजीत. अशा घरातले नातवंड सुट्टीत पुण्याला आजोळी गेले, की त्याच्या पहिल्याच वाक्यावर कोणी तरी म्हणते, "किती अशुद्ध बोलतो हा!" मूल गप्प होते, आणि पुढच्या सुट्टीत हिंदीतच बोलते. शेरा मारणाऱ्याला मराठीचा अभिमान असतो, यात शंका नाही. परंतु त्या एका वाक्याने मराठी बोलणारा एक मनुष्य कमी होण्याचा संभव असतो.

अशा वेळी घासून पाहिलेले बरे. "मी अभ्यास करून राहिलो आहे," असे ते मूल म्हणाले, तर हिंदीच्या शेजाराने आलेली ही वऱ्हाड-नागपूरची वाक्यरचना आहे. लाखो मराठी माणसे ती बोलतात, आणि अर्थ कोठेही सांडत नाही. पुण्याची ती रीत नव्हे एवढेच. पण "शाळेत मला चांगली शिक्षा मिळाली," असे ते मूल पत्रात लिहील, तर हिंदीतले 'शिक्षण' मराठीत 'दंड' होऊन बसले आणि आजी घाबरून फोन करील. 'चेष्टा' शब्दाचेही तसेच. हिंदीतला प्रयत्न मराठीत थट्टा होतो. येथे मुलाला थांबवावे, दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून दाखवावेत, आणि पत्रातले बाकीचे वाक्य तसेच राहू द्यावे.